अळणी भाजी आणि हाफ तिकीट

एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारापर्यंत हाफ. म्हणून पाचवा वाढदिवस थाटात साजरा झालेलं मूल कंडक्टर जवळ आला की पुन्हा साडेचारचं होतं. खरं वय त्याच्या ओठांवर येतं, तेवढ्यात आई कोपरानं ढोसते. मूल गप्प बसतं, थोडे पैसे वाचतात.

संस्कार म्हटलं की आपल्याला शुभंकरोती, श्लोक, सुट्टीतली शिबिरं आठवतात. शाळेत परिपाठ असतो, फळ्यावर सुविचार असतो. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण सुविचार लिहिताना कुणाला खिशात हात घालावा लागत नाही. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली असते, त्यातली समता मुलाला तोंडपाठ होते. घरी मात्र कामाला येणाऱ्या मावशींचा चहा कान तुटलेल्या वेगळ्या कपात. यातलं मुलात काय मुरतं, हे वेगळं सांगायला नको.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यात अळणी भाजीचा प्रसंग आहे. आई मीठ घालायला विसरते. वडील त्याबद्दल चकार शब्द न काढता जेवतात, त्यांच्याकडे बघून मुलंही. म्हणजे खरं तिथंही दडवलं गेलं, आणि एसटीतही. मग फरक कुठं? ताटावरच्या गप्प बसण्यात राबणाऱ्या बाईचं मन जपलं गेलं आणि जिभेची गैरसोय स्वतः सोसली. एसटीत फायदा आपला, तोटा दुसऱ्याचा. ‘नेहमी खरं बोलावं’ एवढ्या एका नियमात हा फरक मावत नाही. मुलाला मात्र तो कळतो, कारण झळ कोण सोसतं हे ते बघत असतं.

पण नुसतं बघून भागत नाही. झळ थोडी त्यालाही लागू द्यावी. शेजाऱ्यांची काच फुटली आणि मुलानं येऊन कबूल केलं, तर त्याला बदडू नये; पुढच्या वेळी ते सफाईनं खोटं बोलेल. गुपचूप पैसे भरून प्रकरण मिटवूही नये. त्याला शेजाऱ्यांकडे जाऊ द्यावं, साठवलेल्या पैशातून थोडे देऊ द्यावेत. नंतर त्याच्या प्रामाणिकपणाची बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. चांगलं वागणं ही शाबासकी मिळवायची युक्ती आहे, असा त्याचा समज झाला, तर केलेलं सगळं पाण्यात जाईल.