सातबारा पाहून वाढलेले ताट

1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी व्यापलेल्या नेदरलँड्समध्ये माणसे ट्यूलिपचे कंद उकडून खात होती. वीस हजारांच्या आसपास लोक त्या हिवाळ्यात उपासमारीने गेले. पुढच्याच उन्हाळ्यात सिको मान्सहोल्ट हा छत्तीस वर्षांचा शेतकरी त्या देशाचा अन्नमंत्री झाला आणि 1958 पासून युरोपीय आर्थिक समुदायाच्या शेतीचा कारभार त्याच्याकडे आला. युरोपच्या सामायिक कृषी धोरणाला नावे ठेवण्याआधी ते कंद आठवावेत, म्हणजे जीभ जरा सांभाळून चालते.

1962 मध्ये आकाराला आलेल्या या धोरणाचे वचन साधे होते: पिकवा, ठरल्या भावाने आम्ही घेऊ. भुकेल्या खंडाला याहून मोठा दिलासा कोणता? पण पोट भरल्यावरही वचन तसेच चालू राहिले. गोदामांत लोणी आणि दूध पावडर साचत गेली. त्यातली पावडर भेट म्हणून आपल्याकडे आली आणि ती विकून आलेल्या पैशातून 1970 मध्ये आपली दूध महापूर योजना सुरू झाली. त्यांची अडगळ आपल्या कामी आली, याचे श्रेय या योजनेचे शिल्पकार कुरियन यांच्या शहाणपणाला. एरवी फुकटच्या पावडरीने आपला गवळी बुडायला वेळ लागला नसता.

1992 मध्ये युरोपने भाव उतरवले आणि त्या बदल्यात शेतकऱ्याला हेक्टरी रोख रक्कम देणे सुरू केले. 2003 नंतर तर शेतात काय पिकवले याचीही फारशी चौकशी उरली नाही. माझ्या मते खरी गोम इथे आहे. समजा, हेक्टरी दोनशे युरो मिळतात. दहा हेक्टरवाल्याच्या हाती दोन हजार पडतील आणि हजार हेक्टरवाल्याच्या हाती दोन लाख. मदत गरजेला द्यायची, की ज्याचा सातबारा लांब त्यालाच ताट जास्त वाढायचे? थेट मदतीतले सुमारे 80 टक्के पैसे 20 टक्के लाभार्थ्यांकडे जातात, हे युरोपात कुणी लपवतही नाही. 2021 ते 2027 या काळासाठी सुमारे 38,700 कोटी युरोंची तरतूद आहे आणि तीही करदात्यांच्या पैशाची. एवढे ओतूनही आजच्या 27 सदस्य देशांतली शेते 2005 मध्ये 1 कोटी 44 लाख होती, ती 2020 मध्ये 91 लाखांवर आली. शेतकरी वाचवण्यासाठी असलेल्या योजनेत शेतकरीच गळत असेल, तर गळती कुठे आहे हे विचारण्यात शेतकरीद्रोह कसला?

फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रुसेल्समध्ये संसदेसमोर ट्रॅक्टर उभे राहिले, टायर पेटले, एक पुतळाही खाली आला. शेतकऱ्यांचा राग खोटा नव्हता. खतांचे, डिझेलचे दर वाढलेले आणि भाव ठरवणार सुपरमार्केटच्या साखळ्या. पण सरकारांनी दिले काय? कीटकनाशके निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव मागे घेतला, पडीक ठेवायच्या जमिनीची अट सैल केली. हे सगळ्यात स्वस्त पडले, कारण मधमाश्यांकडे ट्रॅक्टर नसतात. सुपरमार्केटच्या केसालाही धक्का लागला नाही आणि हेक्टरी वाटपालाही नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये इटलीतल्या लातिना भागात एका पंजाबी मजुराचा हात शेतातल्या यंत्रात सापडून तुटला. तो कागदपत्रांविना राबत होता. दवाखान्यात नेण्याऐवजी त्याला घराजवळ आणून टाकले आणि तुटलेला हात फळांच्या खोक्यात ठेवला. दोन दिवसांनी तो गेला. अनुदानाच्या हिशेबात जमिनीचा तुकडा न् तुकडा मोजला जातो, उपग्रहातून तपासला जातो. त्या जमिनीवर वाकलेली पाठ मात्र त्या हिशेबात धरलीच जात नव्हती. कामगार कायदे मोडले तर अनुदान कापायचे, ही अट या धोरणात पहिल्यांदा 2023 पासून आली आणि सर्व देशांना ती बंधनकारक झाली 2025 मध्ये. साठ वर्षे लागली! शेतमजूरही शेतीचाच माणूस आहे हे कळायला एवढा वेळ लागावा, याची लाज धोरण लिहिणाऱ्यांना वाटली पाहिजे. आपणही फार हसू नये. ऊसतोडणीचे फड आपल्याकडेच आहेत.

जुलै 2025 मध्ये युरोपीय आयोगाने 2028 पासूनच्या काळासाठी प्रस्ताव मांडला आहे: एका शेतकऱ्याला क्षेत्रावर मिळणारी मदत वर्षाला एक लाख युरोंच्या वर नको. प्रस्ताव चांगला आहे, पण नवा नाही. 2018 मध्येही हाच आकडा सुचवला होता, पुढे वाटाघाटींत ती मर्यादा ऐच्छिक झाली आणि ऐच्छिक झाल्यावर तिचे व्हायचे तेच झाले. या वेळीही मोठे जमीनदार आपापल्या राजधान्यांत वजन वापरणारच. समजा, मर्यादा टिकली, तरी पळवाट उरतेच. 1961 चा आपला कमाल जमीनधारणा कायदा आठवा. बायकोच्या, पोरांच्या, सालगड्याच्याही नावावर जमिनी चढल्या आणि वाडा जागच्या जागी राहिला. हजार हेक्टरचे दहा कागदी तुकडे करायला युरोपातल्या वकिलांना एक दुपार पुरेल.

म्हणून नुसता आकडा बांधून भागणार नाही, मोजमापच बदलायला हवे. 2018 च्या त्या प्रस्तावात मजुरीचा खर्च आणि घरच्या माणसांचे श्रम वजा करूनच मर्यादा लावण्याची तरतूद होती. ती पुन्हा बाहेर काढावी आणि उलट्या बाजूने वापरावी. अर्जावर हेक्टरचा रकाना राहू द्या, पण त्याच्या आधी दुसरा हवा: या शेतावर किती माणसे राबतात, आणि त्यांना काय मिळते?