उरलेलं बळ

काळ्या जमिनीत शेतकऱ्याच्या हाती वेळ फार थोडा असतो. परभणी जिल्ह्यात, मानवतकडे जा की पालमकडे, पाऊस उघडला तरी लगेच रानात पाय घालता येत नाही. चिखल चपलेला धरून वर येतो. मग वाफसा होतो, आणि दोन-चार कडक उन्हं लागली की तीच माती आवळते, भेगाळते, कोळप्याची पास तिच्यावरून नुसती घसरत जाते. या दोन्हींच्या मधले मोजके दिवस हीच खरी कोळपणी. सोयाबीनला पहिल्या महिनाभरात दोन कोळपण्या मिळाल्या तर पीक तणाच्या वर निघतं. वाफसा हुकला की पुढे खुरपणीच्या मजुरीत आलेलं सगळं जातं.

अशा दिवसांत अवजार मोडलं, तर शहरातून सुटा भाग येईपर्यंत थांबणं परवडत नाही. बैल तर पुष्कळ घरांतून कधीच गेले. म्हणून तालुक्याच्या रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात छोट्या ट्रॅक्टरला लावायचं कोळपं, सरी काढायचं रिजर, ठिबकच्या नळ्या गुंडाळायचा रहाट, असं काय काय भंगारातून तयार होत असतं. जुन्या मोटारसायकलचं चाक, मोडक्या पाचफणीची चौकट, कुठल्या तरी जुन्या यंत्राचं बेअरिंग. लोक याला काटकसर म्हणतात, आणि ती आहेच. पण ते काम पाहत उभं राहिलं की मला त्यात एक पारख दिसते, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. एका कामातून सुटलेल्या वस्तूत दुसऱ्या कामापुरतं बळ उरलं आहे का, हे हातात घेऊन ठरवणारी पारख.

ट्रकच्या कमानीचा पाटा घ्या. वर्षानुवर्षं त्यानं ओझं झेललेलं असतं, लाखो वेळा वाकून पुन्हा सरळ झालेला असतो. तो बहुधा मधल्या बोल्टच्या भोकापाशी तुटतो, कारण सगळा ताण तिथं गोळा होतो. ट्रकच्या दृष्टीनं तो संपला. लोहाराच्या दृष्टीनं त्याचे दोन्ही तुकडे उत्तम पोलाद आहेत. साध्या अँगलच्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याहून कमी असतो, कमानीच्या पोलादात अर्ध्या टक्क्याच्या वर. म्हणून ते पाणी देऊन कडक होतं आणि धार धरतं. रस्त्याकडेला भाता लावून बसणाऱ्या घिसाड्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. लाल झालेल्या लोखंडाचा रंग पाहून ते पाणी द्यायची वेळ ठरवत, आणि गाडीच्या पाट्यातून विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा घडवत. आपल्याकडच्या भंगाराच्या शेतीअवजारांचा इतिहास ट्रॅक्टरपासून सुरू होत नाही. तो या भात्यापाशी सुरू होतो.

भट्टीत घातलेल्या पाट्याचं जुनं पाणी उतरतं, नवं चढतं. म्हणजे पास म्हणून तो जवळजवळ नव्यानं घडतो. पण तोच पाटा न तापवता, आहे तसा फण म्हणून चौकटीला लावला, तर त्याचा सगळा जुना शीण त्याच्यात तसाच राहतो. डोळ्यांना न दिसणारी एखादी चीर असेल, तर पहिल्या मोठ्या ढेकळाला ती बोलते. आणि त्याला साधी वेल्डिंग मारली तर आणखी वेगळंच घडतं. कार्बन जास्त असल्यानं वेल्डच्या कडेचा भाग पटकन थंड होताना काचेसारखा ठिसूळ बनतो. वरून जोड भक्कम दिसतो आणि जोडाच्या शेजारी पट्टी तडकते. अनुभवी माणूस म्हणूनच घाईच्या गिऱ्हाईकालाही अडवतो.

“मारून दे की मामा वेल्डिंग, सकाळी वाफसा हाय.”

“मारली तर सकाळीच तडकंल, दादा. भोकं पाडून यू-बोल्टानं आवळू. उद्या बदलायची झाली तर तुलाबी पान्यानं खोलता येईल.”

त्या शेवटच्या वाक्यात बरंच शहाणपण आहे. वस्तू जोडतानाच ती उद्या सोडवावी लागेल याची आठवण ठेवणं, आणि सोडवण्याची सोय मालकाच्या हाती देणं. विकत घेतलेल्या किती यंत्रांमध्ये आज ही सोय असते?

असं जुळवून केलेलं जोडअवजार म्हणजे लोखंडच हवं असंही नाही. सोयाबीनच्या दोन ओळींमध्ये सरी पाडायची असेल, तर कोळप्याच्या पास धरणाऱ्या जानकुडाला दोरी गुंडाळायची, ही आपल्या भागातली जुनी युक्ती. दोरीच्या गुंडाळ्यानं माती दोन्ही बाजूंना लोटली जाते, मधे सरी पडते, जास्तीचं पाणी निघून जातं आणि पावसानं ओढ दिली तर मुरलेला ओलावा टिकतो. कृषी विद्यापीठ ज्या रुंद वरंबा सरी पद्धतीचा, म्हणजे बीबीएफचा, आग्रह धरतं तिच्यामागचं तत्त्वही हेच. ज्याच्याकडे ते यंत्र नाही, त्याला गोठ्यातल्या हातभर दोरीनं त्या तत्त्वाच्या बरंच जवळ जाता येतं.

छोट्या ट्रॅक्टरमुळे या कारागिरीला नवं अंगण मिळालं. महिंद्राचा युवराज 215 घ्या. पंधरा अश्वशक्तीचं हे यंत्र कपाशीच्या ओळींत शिरतं, आणि मागे बांधून दिलेलं अवजार लिफ्टनं उचलतं. ही उचलण्याची सोय ज्या थ्री पॉइंट लिंकेजवर उभी आहे, तिचं पेटंट आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी 1926 साली घेतलं. त्याआधी नांगर साखळीनं किंवा दांड्यानं मागे ओढला जाई. तो दगडाला अडला की ट्रॅक्टर पुढून उचलून चालकावर उलटायचा. फर्ग्युसन यांनी नांगर आणि ट्रॅक्टर तीन बिंदूंत असे बांधले, की अवजाराचा भार ट्रॅक्टरलाच जमिनीवर धरून ठेवू लागला. पुढे या जोडणीची मापं जगभर ठरून गेली. लहान ट्रॅक्टरच्या श्रेणीत खालच्या पिना 22 मिलिमीटरच्या, वरची 19 ची. आज परभणीतला कारागीर भंगाराची चौकट कंपनीच्या ट्रॅक्टरला बिनदिक्कत जोडू शकतो, तो या ठरलेल्या मापांमुळे. मापं सगळ्यांची झाली, म्हणून कल्पना ज्याची त्याला लढवता आली.

आणि कल्पना लढवणाऱ्यांना आपल्याकडे तोटा नव्हता. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचं पुढचं चाक आणि हँडल घेऊन त्याला पास लावली. बैल नसलेल्या माणसाला एकट्यानं ढकलता येईल असं ते सायकल कोळपं आज मराठवाड्यातही ठिकठिकाणी दिसतं. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी यांनी दुष्काळात बैल सांभाळणं अवघड झालं तेव्हा, 1994 च्या सुमारास, बुलेट मोटारसायकलचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकांचा सांगाडा आणि अवजार बसवलं. स्वीडनसारख्या देशातही महायुद्धाच्या टंचाईत जुन्या मोटारींचे ट्रॅक्टर बनू लागले, आणि 1940 साली सरकारनं त्यांच्यासाठी रीतसर नियम केले. नड सगळीकडे सारखीच असते. पण भिसे यांच्या कोळप्याचं मला विशेष वाटतं. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही, बैल नाही, त्याचा विचार करून ते बनलं आहे.

या पारखेची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं याची मला काळजी वाटते. काही जागी जुनं चालत नाही. लिंकेजच्या पिनेऐवजी सळईचा तुकडा, पीटीओला (ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्याला) कुठून तरी काढलेला, वेल्डिंगनं लांबवलेला शाफ्ट, हायड्रोलिकला ठिगळ लावलेला पाइप: इथं वाचवलेले पैसे जिवावर बेततात. पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर त्यात गेला, तर ओरडायच्या आत चार वेढे बसलेले असतात. मळणीयंत्रात हात जाण्याचे प्रकार देशात इतके झाले होते, की संसदेला 1983 मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. ज्या भागावर माणसाचा जीव टांगलेला आहे तो भाग नवा, मापाचा आणि पावतीचा घ्यावा, इथं मी कुठलीच सवलत देणार नाही. त्या फिरत्या शाफ्टवर झाकण मात्र खुशाल जुन्या पत्र्याचं किंवा प्लास्टिकच्या पिंपाचं करावं, नीट बांधून, शाफ्टला न लागेल असं. तिथं त्याला ओझं पेलायचं नसतं, नुसतं आडवं उभं राहायचं असतं.

हे सगळं बोलताना मला धुऱ्यावर उभे असलेले जुने सालगडी दिसतात. बैलामागं चालून चालून ज्यांचे गुडघे गेले, त्यांना कामावरून बाजूला केलं जातं. पण नव्या कोळप्याची पास किती खोल लागते आहे, ती तण कापते की नुसतं दडपते, लिंकेजचा वरचा दुवा, टॉप लिंक, एक-दोन आटे आवळावी की सोडावी, हे ट्रॅक्टरवर बसलेल्या पोराला मागं वळून कळत नाही. ओळीमागं थोडं चाललेल्या त्या म्हाताऱ्याला ते मातीच्या पडण्यावरून समजतं. त्याला पुन्हा दिवसभर रानात राबवणं हा जुलूमच. पण पहिल्या दोन तासांत त्याला बोलावलं, विचारलं, आणि त्या दोन तासांसाठी पूर्ण दिवसाची मजुरी दिली, तर त्याच्या नजरेचा मान राखल्यासारखं होईल, आणि काम सुधारेल ते वेगळंच.

परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, त्याचं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बैलचलित अवजारांवर तिथं बरीच वर्षं संशोधन झालं आहे. तिथल्या मुलांनी पावसाळ्याआधी वेल्डिंगच्या दुकानांत जाऊन बसावं असं मला फार वाटतं. ओढ किती लागते हे मोजायची साधनं त्यांच्याकडे आहेत. कोणत्या पाट्याची पास टिकते हे दुकानदाराला माहीत आहे. प्रत्येक जोडअवजाराचं एक साधं चित्र काढावं, मापं लिहावीत, बनवणाऱ्याचं नाव घालावं, कारण ही माणसं गेली की त्यांच्या युक्त्याही विनानावाच्या होतात. आणि त्या कागदावर मोडलेल्या भागांसाठी जास्त जागा सोडावी: कोणता भाग होता, कोणत्या गाडीतून काढला होता, तापवून घडवला की तसाच लावला, नेमका कुठं तुटला, आणि त्या दिवशी रानात ओल किती होती.