ताटावरची तारीख

इंदूरच्या बर्तन बाजारात भांडं घेतलं की त्यावर नाव घालून मिळतं. कुरकुरणारं यंत्र ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटवत जातं. इथल्या मराठी घरांत मांडणीवर एखादा डबा तरी असतो, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. आत पोहे असतात. मला हा प्रकार पुतळ्यापेक्षा बरा वाटतो. पुतळा वर्षातून दोनदा धुतात, डबा रोज. आणि म्हातारपणी, आजारपणात आलेल्या मरणाला नाव पुरतं, त्याचा जाब कुणाला विचारायचा नसतो.

खून झालेल्या माणसाचं काय? अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या हत्यांनंतर काचेची स्मरणभांडी निघाली. 1865 साली लिंकन गेले, तेव्हा शोकाच्या पडद्यांसारख्या झालरी असलेले पेले आले. संग्राहक त्या नक्षीला ‘लिंकन ड्रेप’ म्हणतात. 1881 साली गारफिल्ड गेले. त्यांच्या पाव वाढायच्या ताटावर जन्म आणि मृत्यू यांच्या जोडीला गोळी लागल्याची तारीखही आहे, 2 जुलै. मृत्यू 19 सप्टेंबरचा. मधले 79 दिवस पाव वाढताना कुणालाही मोजता आले असते. 1901 साली मॅकिन्ली गेले आणि त्यांच्या ताटावर आलं, ही देवाची इच्छा. मरताना ते स्वतःच तसं काहीसं म्हणाले होते म्हणे. मरणाऱ्याला ते शोभतं. पण गोळ्या झाडल्या चोल्गोश नावाच्या माणसाने, भर समारंभात. वीस वर्षांत ताटावरची गोळी पुसली गेली आणि तिथे देव आला.

आपण देवालाही मध्ये घेतलं नाही. इंदिरा गांधींचं पाच रुपयांचं जाडजूड नाणं 1985 साली निघालं: चेहरा, नाव, 1917–1984. राजीव गांधींच्या रुपयावरही नुसती सालं. चलनावर रक्त दाखवू नये, हे मान्य. तरी इंदिरा गांधींचं नाणं भाजीवालीच्या हातावर ठेवताना कुणाला त्यांच्या हत्येचा दिवस, 31 ऑक्टोबर, आठवला असेल, असं मला वाटत नाही.

त्या हत्येनंतर इंदूरमध्येही दंगल झाली, शिखांवर हल्ले झाले. होळकरांचा सात मजली राजवाडा पेटला. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. समोरची बाजू वाचली, मागचा भाग जळाला. ज्यांचा त्या हत्येशी काडीचा संबंध नव्हता, त्यांनी तिची किंमत मोजली. स्मरणवस्तू काढणाऱ्यांना एवढं सगळं नको असतं, त्यांना चेहरा हवा असतो. खुनानंतर मात्र चेहऱ्याइतकाच हिशेबही जपायला हवा, नाहीतर तो दुःखाचा नुसता शिक्का ठरतो.

पाहुणे आले की आपण त्यांना राजवाडा दाखवतो आणि लगेच सराफ्यात खायला नेतो. मल्हारराव होळकरांची गोष्ट जरूर सांगा, पण 1984 चीही सांगा, आणि मुलं ऐकत असतील तर आवाज कमी करू नका.