वेणांची हाक आणि आपली जबाबदारी



काही वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यात एका तरुण बाळंतिणीच्या जनाज्याची नमाज पढविण्याचा प्रसंग माझ्यावर आला. पहाटे वेणा सुरू झाल्या, पण वडीलधारी मंडळी दुपारपर्यंत ‘थोडी वाट पाहू’ असेच म्हणत राहिली. बाळ जन्मले, मात्र रक्तस्राव थांबेना. वाहन आले तेव्हा फार उशीर झाला होता. दफनानंतर मी घरच्यांचे सांत्वन केले: बाळंतपणात मृत्यू आलेली स्त्री शहीद गणली जाते, ही प्रेषितांनी (स.) दिलेली शुभवार्ता आहे. सर्वांनी माना डोलावल्या. परतीच्या वाटेवर मात्र माझेच शब्द मला टोचू लागले. शहादत ही त्या माऊलीला मिळालेली अल्लाहची देणगी होय. आपल्या दिरंगाईवर घालण्याचे ते पांघरूण नव्हे. तिचा दर्जा तिच्यापाशी, आपला हिशेब आपल्यापाशी.

पवित्र कुरआनातील सूरह मरयम आठवा. हजरत मरयम (अ.) एकट्या, वेणांनी व्याकूळ होऊन खजुराच्या बुंध्याशी आल्या. तेव्हा अल्लाहने त्यांना धीर दिला, पायाशी झरा दिला आणि ताजे खजूर दिले. धीर, पाणी आणि अन्न! प्रसूतीच्या घडीला स्त्रीला काय हवे असते, ते खुद्द निर्मात्याने दाखवून दिले.

हाच धडा हजरत उमर (रजि.) यांनी आचरणात आणला. रात्रीच्या गस्तीत मदीनेबाहेरच्या एका तंबूतून त्यांना कण्हण्याचा आवाज आला. एका वाटसरूची पत्नी प्रसूतिवेदनांत होती आणि तिच्याजवळ कोणीही नव्हते. खलीफा तडक घरी गेले व आपल्या पत्नी हजरत उम्मे कुलसूम (रजि.) यांना सोबत घेऊन आले. त्या तंबूत सुइणीचे काम करीत होत्या आणि बाहेर मुसलमानांचे शासक चूल फुंकून अन्न शिजवीत होते. ‘हा बायकांचा विषय’ असे म्हणून ते घरी झोपले नाहीत.

काही घरांत पडद्याचे कारण पुढे केले जाते. स्त्री डॉक्टर मिळत असेल तर तिला प्राधान्य द्यावे, हे खरेच. परंतु ती नसेल आणि जीव धोक्यात असेल, तर पुरुष डॉक्टरकडून आवश्यक तेवढे उपचार घेण्यास शरीअतने वाट मोकळी ठेवली आहे. उपचार करा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. तवक्कुल म्हणजे उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवणे.

गरीब गावात हे कसे साधावे? उत्तर दूर नाही. करमाळ्याच्या पलीकडे जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या, बहुधा निरक्षर व उपेक्षित स्त्रियांना गरोदर मातेची तपासणी, स्वच्छ प्रसूती आणि धोक्याची लक्षणे ओळखणे शिकविले. त्याच स्त्रियांनी घरोघरी जाऊन असंख्य माता-बालकांचे प्राण वाचविले. ते दांपत्य ख्रिस्ती होते. पण हिकमत ही मोमिनाची हरवलेली ठेव आहे, ती जिथे सापडेल तिथून घ्यावी.

आता आपल्या मोहल्ल्याकडे या. दिवस गेल्याचे कळताच पहिल्या तीन महिन्यांत आशा सेविकेकडे नोंदणी करा. दरमहा ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची विशेष तपासणी मोफत होते. त्या दिवशी सुनेला कामातून मोकळे करा. लोहाच्या गोळ्या फडताळात पडून राहू देऊ नका आणि गोळीसोबत चहा देऊ नका, त्याने लोह अंगी लागत नाही. गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या मातेला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची भीती असेल, तर रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. ती घेणाऱ्या सुनेला टोमणे मारू नका. रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही दिसले तर कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता १०८ क्रमांक फिरवा.

मस्जिद कमिट्यांना माझी विनंती आहे, की रात्री-अपरात्री वाहन देणाऱ्यांची आणि रक्तदात्यांची यादी तयार ठेवा. गावातील आरोग्य उपकेंद्रात पाण्याची टाकी नसेल, तपासणीच्या खाटेला पडदा नसेल, तर वर्गणी काढा. जकात गरजू रुग्णाच्या हाती द्यावी. टाकी-पडद्याचा खर्च मात्र नफ्ली सदक्यातून करावा, तो सदका-ए-जारिया ठरेल. तिथे येणारी माता कोणत्या धर्माची आहे, हे विचारू नका.

त्या खेड्यातील ते बाळ आता चालू-बोलू लागले आहे. उद्या ते आईविषयी विचारील. ‘ती शहीद झाली’ हे उत्तर खरे आहे, पण ‘आम्ही वाट पाहत बसलो’ हेही तितकेच खरे आहे.

हे अल्लाह, आमच्या मातांच्या वेणा सुलभ कर, आमच्या चुका क्षमा कर आणि हाक येताच उठण्याची सद्बुद्धी आम्हांला दे. आमीन.