परगावची ओसरी

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन प्राथमिक गरजा आपण शाळेपासून एका दमात म्हणत आलो आहोत. परंतु प्रवासाला निघालेल्या माणसाच्या दृष्टीने या तिन्ही सारख्या नाहीत. वस्त्रे तो गाठोड्यात बांधून नेतो, एक-दोन दिवसांची शिदोरीही बरोबर घेतो. निवारा मात्र कोणालाच पाठीवर टाकून नेता येत नाही. तंबू नेला तरी तो ठोकायला जागा दुसऱ्याचीच लागते. म्हणूनच परक्या गावी दिवेलागण झाली की माणूस जितका दुसऱ्याच्या हाती असतो, तितका तो इतर वेळी क्वचितच असतो. अशा वेळी दार उघडणाऱ्याने त्याच्याकडून किती घ्यावे आणि दार ठोठावणाऱ्याने कशाच्या आधारावर भरवसा ठेवावा, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

निमित्त फुटबॉलचे आहे. आमचे राजगुरुनगर, म्हणजे जुने खेड, चाकणच्या कारखानदारीच्या उंबरठ्यावर वसलेले आहे. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे कारखाने चाकण परिसरात सुरू झाले आणि जर्मनी हा देश आमच्याकडील अनेक घरांत रोजच्या बोलण्यात आला. मर्सिडीजचे मुख्यालय ज्या श्टुटगार्टमध्ये आहे, ते बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याच्या राजधानीचे शहर. त्याच राज्याशी महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जून ते १४ जुलै २०२४ या काळात, युरोपीय फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धा जर्मनीत झाली. संघ २४, सामने ५१ आणि यजमान शहरे १०. त्यांत श्टुटगार्टही होते.

फुटबॉलवर जीव टाकणारी माणसे आपल्या समाजात थोडी नाहीत. वसईच्या मैदानांपासून गोव्याच्या फातोर्ड्यापर्यंत या खेळाचे वेड पिढीजात चालत आले आहे. तेव्हा एखाद्या तरुणाने वर्षभराची बचत गाठीला बांधून अशी स्पर्धा पाहण्यास जाण्याचा बेत करावा, यात नवल नाही. मात्र तिकीट मिळाले तरी त्याची खरी परीक्षा निवाऱ्याच्या शोधात असते. व्हिसासाठी अर्ज करतानाच मुक्काम कोठे करणार याचा पुरावा जोडावा लागतो. म्हणजे देशात प्रवेश मिळेल की नाही हे ठरण्यापूर्वीच, कधी न पाहिलेल्या घरातील कधी न पाहिलेली खोली ठरवावी लागते. शिवाय बाद फेरीत आपला संघ कोणत्या शहरात खेळेल, हे आधीच्या फेरीचे निकाल लागल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे शोध ऐन घाईत करावा लागतो; आणि घाई आली की भावही चढतो व फसविणाऱ्याचेही फावते. दुसऱ्याच्याच घराची छायाचित्रे दाखवून अनामत रक्कम उकळायची आणि नाहीसे व्हायचे, हा प्रकार आता साऱ्या जगाच्या परिचयाचा झाला आहे.

प्रथम भावाचा प्रश्न घेऊ. एरवी हजार रुपयांस मिळणारी खोली सामन्याच्या रात्री पाच हजारांस देणे हे पाप आहे काय?

घरमालकाच्या बाजूनेही बोलता येण्यासारखे पुष्कळ आहे. भाव चढला म्हणूनच एरवी बंद राहणारी एखादी खोली उघडते. कोणी मुलांना आजोळी धाडून स्वतःचे घर पाहुण्याला देतो. भाव चढलाच नसता तर ही जागा बाजारात आलीच नसती आणि पाहुणा स्टेशनच्या बाकावर झोपला असता. शिवाय गर्दी ही कोणा एकाची चूक नसते. नावनोंदणीच्या दिवसांत बेथलेहेमच्या उतारशाळेत जागा नव्हती, एवढेच शुभवर्तमान सांगते. उतारशाळेच्या मालकाला ते बोल लावीत नाही. टंचाई ही वस्तुस्थिती असते. तिचे आपण काय करतो, तेथून नीतीचा प्रश्न सुरू होतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खरेदी-विक्रीतील न्यायाची चर्चा करताना येथे एक बारीक भेद केला आहे. एखादी वस्तू देण्याने विकणाऱ्याचे खरोखर नुकसान होत असेल, तर ते नुकसान त्याने किमतीत धरावे. त्यात अन्याय नाही. परंतु विकणाऱ्याचे काहीही जात नाही आणि केवळ घेणाऱ्याची निकड मोठी आहे, म्हणून त्याने किंमत वाढवू नये. कारण ती निकड घेणाऱ्याची आहे, विकणाऱ्याची नाही; आणि जे आपले नाही ते विकण्याचा अधिकार कोणालाच नसतो. हा विचार आम्हांला फार मोलाचा वाटतो. मुलांना आजोळी पाठवून स्वतः गैरसोय सोसणाऱ्याने त्या गैरसोयीचे मोल घ्यावे. पण जो केवळ पाटीवरचा आकडा पुसून दुसरा लिहितो, तो खोलीबरोबर पाहुण्याची अगतिकताही विकत असतो. १९९२ च्या कॅथलिक श्रद्धाग्रंथातही दुसऱ्याच्या अज्ञानाचा वा अडचणीचा फायदा घेऊन भाव चढविणे हे सातव्या आज्ञेच्या विरुद्ध असल्याचे म्हटले आहे.

यावर कोणी म्हणेल, फुटबॉलचा सामना ही काही निकड नव्हे. तो हौसेचा मामला आहे; परवडत नसेल तर माणसाने घरी बसून दूरदर्शनवर पाहावा. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. हौसेच्या गोष्टीस हौसेचे मोल पडावे, हे आम्हीही मान्य करतो. परंतु त्याच रात्री, त्याच शहरात, रुग्णालयातील आप्तासाठी धावत आलेला माणूसही खोली शोधीत असतो. नव्या नोकरीवर रुजू होणारी परिचारिका आणि प्रवेशासाठी आलेला विद्यार्थीही शोधीत असतो. पाटीवरील आकडा हौशी कोण आणि गरजू कोण हे विचारीत नाही. हौशी माणूस जास्त देऊन खोली मिळवितो, आणि गरजू माणूस बाहेर राहतो. चढ्या भावाचा अन्याय पुष्कळदा ज्याने तो भाव दिला त्याच्यावर होत नाही. ज्याला तो देताच आला नाही त्याच्यावर होतो.

कायदा येथे थोडे अंतर आपल्याबरोबर चालतो. जर्मनीत २०१५ पासून, जेथे घरांची टंचाई जाहीर झाली आहे तेथे, नवे भाडे ठरविताना त्या भागातील सर्वसाधारण भाड्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा नियम आहे. पण तात्पुरत्या वास्तव्याला तो लागू होत नाही. म्हणजे चार रात्रींच्या पाहुण्यापाशी येऊन कायदा थांबतो आणि पुढचे सारे घरमालकाच्या सद्सद्विवेकावर सोपविले जाते.

आता भरवशाचा प्रश्न. परदेशी निघालेला आपला माणूस सर्वप्रथम काय विचारतो? ‘तेथे आपल्या ओळखीचे कोणी आहे का?’ असे विचारणे स्वाभाविक आहे आणि त्यातून चांगल्या संस्थाही जन्माला आल्या आहेत. मुंबईत धोबी तलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या गावांनी आपापल्या नावाने चालविलेल्या ‘कुडी’ हे त्याचे ठळक उदाहरण. बोटीवर कामाला जाणारा खलाशी, नोकरीच्या शोधात आलेला स्वयंपाकी वा वादक तेथे अल्प दरात उतरे. ट्रंक ठेवण्यापुरती जागा, रात्री अंथरूण आणि सायंकाळी सर्वांनी मिळून म्हटलेली रोझरी, एवढा तेथील संसार. गाव एक असल्यामुळे भाव ठरलेला आणि भरवसाही ठरलेला. २०२२ च्या विश्वचषकाच्या वेळी कतारने हेच सूत्र वेगळ्या रीतीने वापरले. हॉटेले अपुरी पडणार म्हणून तेथे बंदरात प्रवासी जहाजे उभी केली, तात्पुरत्या खोल्या आणि तंबू उभारले. आणि त्याबरोबरच तेथील रहिवाशांना आपल्या आप्तमित्रांची नोंद करून त्यांना स्वतःच्या घरी उतरवून घेण्याची मुभा दिली. ज्याची मावशी दोहात होती, त्याची चिंता मिटली.

पण ज्याची मावशी दोहात नव्हती त्याचे काय? ओळखीचा भरवसा उबदार खरा, पण तो दाराला कडीही घालतो. हे समजण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळीपासून राजगुरुनगरापर्यंत शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीवर भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या केल्या आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला कामगार तेथे दार ठोठावतो, तेव्हा भाड्याच्या आधी त्याला विचारले जाते: गाव कोणते, आडनाव काय, घरात काय शिजवता? आपल्या आडनावांनाही काही दारांशी असेच थबकावे लागते, हे वाचकांना सांगावयास नको. प्रश्न विचारणारा प्रत्येक वेळी दुष्ट असतो असे नाही. तोही अनोळखी माणसाला भितो. परंतु अशाने विश्वास ही सद्गुणाची नव्हे, जन्माची बाब होऊन बसते. माणूस प्रामाणिक आहे की नाही हे न पाहता तो कोणाचा आहे एवढेच पाहिले जाते.

याहून वेगळी वाट आपल्याच ख्रिस्ती परंपरेत एका चांभाराने दाखविली. आडोल्फ कोल्पिंग यांचा जन्म १८१३ मधला. तरुणपणी चांभारकाम करताना, कामासाठी गावोगाव भटकणाऱ्या कारागिरांच्या राहण्याची दैना त्यांनी स्वतः पाहिली होती. पुढे ते धर्मगुरू झाले आणि १८४९ साली त्यांनी कलोन येथे अशा कारागिरांची संघटना उभारली. परगावाहून आलेल्या कारागिराला स्वच्छ बिछाना, परवडणारे जेवण आणि सोबत मिळावी, हा तिच्या घरांचा उद्देश. १९९१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोल्पिंग यांना धन्यवादित घोषित केले. आजही जर्मनीत अनेक शहरांतील कोल्पिंग गृहांत प्रवाशांची सोय होते. या घरांच्या दाराशी नातेवाइकाचे नाव सांगावे लागत नाही. तेथे भरवसा व्यक्तीच्या ओळखीवर अवलंबून नसतो, घराच्या नियमांवर आणि नावलौकिकावर असतो.

लेखी शब्द हा याच वाटेवरचा आणखी एक टप्पा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या ५५ व्या कलमानुसार भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदविला नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. लेखी मागितले की ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ म्हणून रागावण्याची आपल्याकडे रीत आहे. खरे पाहता, ज्याची आपल्याशी ओळख नाही त्याला विश्वास ठेवण्यासाठी दिलेला तो हात आहे. परदेशी जाणाऱ्यानेही हेच धोरण ठेवावे. पत्ता आणि मालकाचे नाव पडताळून पाहावे, पावतीशिवाय पैसे देऊ नयेत, घाई करणाऱ्याच्या खात्यात परस्पर रक्कम भरू नये. यजमान शहराचा हट्टही धरू नये. २०२४ च्या स्पर्धेत सामन्याच्या तिकिटावरच ३६ तास स्थानिक वाहनांनी फिरण्याची सोय होती. त्यामुळे शहराच्या कडेला उतरणाऱ्याचे सामन्याला जाण्यायेण्याचे भाडेही वाचत होते.

भरवशाचा हा व्यवहार एकतर्फी नाही, हेही सांगितले पाहिजे. व्हिसापुरती खोली राखून ठेवावयाची आणि शिक्का मिळताच ती सोडून द्यावयाची, किंवा संघ कोठे जाईल या अंदाजाने तीन शहरांत तीन खोल्या अडवून ठेवावयाच्या, हा प्रकार सर्रास चालतो. नियम त्याला मनाई करीत नसेलही. पण त्या तीन खोल्यांपैकी दोन कोणातरी गरजूच्या होत्या. पाहुण्याला हक्क असतात तसा पाहुण्याचा धर्मही असतो.

आमच्याच खेड तालुक्यातील आळंदीचे उदाहरण या संदर्भात मनात येते. कार्तिकी यात्रेला तेथे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून वारकरी येतात. आषाढीच्या पालखीबरोबर ते पंढरपूरच्या वाटेला लागतात. मठांत, धर्मशाळांत आणि घरांच्या ओसरीवर त्यांची सोय होते. अनेक दिंड्यांचे उतरण्याचे ठिकाण पिढ्यान् पिढ्या ठरलेले असते. त्यामागे भक्ती आहेच, पण आणखीही एक गोष्ट आहे: पाहुणा आणि यजमान दोघांनाही ठाऊक असते की पुढच्या वर्षी पुन्हा भेट व्हावयाची आहे. पुनर्भेटीची खात्री माणसाला सरळ ठेवते.

फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धेत नेमके हेच नसते. ती दर चार वर्षांनी येते आणि दर वेळी दुसऱ्याच देशात. २०२२ ची कतारमध्ये झाली. २०२६ ची अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांत मिळून १६ शहरांना वाटून दिली गेली. पाहुणा आणि घरमालक यांची गाठ आयुष्यात पुन्हा पडणार नसते. म्हणूनच अशा चार रात्रींचा व्यवहार ही नीतीची निर्भेळ कसोटी आहे. ज्याच्याकडून पुढे काही मिळावयाचे नाही, जो आपली निंदाही आपल्या गावी येऊन करू शकणार नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो?

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात आपण शोमरोन्याची वाखाणणी करतो आणि उतारशाळेच्या मालकाला विसरतो. शोमरोनी दोन दीनार देऊन, अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे म्हणून निघून गेला. तो परका होता, तिरस्कृत जमातीचा होता आणि त्याच्यापाशी शब्दाखेरीज दुसरे तारण नव्हते. त्या मालकाने धर्मार्थ घर उघडले नव्हते. तो त्याचा धंदा होता. त्याने आपले दाम घेतले. पण दाखल्यात त्याने आडनाव विचारल्याचा उल्लेख नाही, आणि जखमी माणसाची निकड पाहून दर वाढविल्याचाही नाही.

आपल्यापैकी थोडेच लोक परदेशी सामने पाहावयास जातील. पण ज्यांच्या मालकीची एखादी जादा खोली आहे, अशी कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत पुष्कळ आहेत. उद्या तेथे एखादा अनोळखी कामगार, नवी नोकरी लागलेली एखादी मुलगी हातात पिशवी घेऊन उभी राहील. त्यांना वाजवी भाडे सांगावे, सांगितले ते लिहून द्यावे आणि आडनावाऐवजी माणूस पाहावा. परगावी आपल्या मुलांना जसे दार उघडावे असे आपल्याला वाटते, तसे दार प्रथम आपल्या ओसरीवर उघडले पाहिजे.