पाळावयाची अळी आणि मारावयाची अळी

गेल्या पावसाळ्यात कामोठ्यास एका स्नेह्यांच्या घरी आम्ही उतरलो असता त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने आम्हांस मोठ्या कौतुकाने एक काचेची बरणी दाखविली. आत लिंबाच्या डहाळीवर हिरवी अळी पान कुरतडीत होती. बोट लावताच तिने डोक्यामागून दुभंगलेले नारिंगी शिंग बाहेर काढले व उग्र वास सुटला. ही अळी लहानपणी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, कात टाकता टाकता हिरवी होते, मग कोष करून फुलपाखरू होते, हे सर्व मुलीने घडाघडा सांगितले.

इतक्यात आईने कुंडीखालची ताटली उचलून कोरड्या फरशीवर उपडी केली. पाण्याबरोबर डासाच्या अळ्या वळवळत बाहेर पडल्या. मुलगी म्हणाली, "आई, ह्याही अळ्याच ना ग? ह्यांना का मारलेस?" आई म्हणाली, "ते डास आहेत." मुलीचे समाधान झाले नाही, खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही.

डास वाईट व फुलपाखरू चांगले, हे उत्तर सोपे आहे, पण खरे नव्हे. ज्याने लिंबाची रोपे लाविली आहेत त्यास विचारा. ही हिरवी अळी कोवळी पाने फस्त करिते. उलट डासाचा नर फुलांच्या रसावर जगतो. चावते ती मादी, आणि तीही अंड्यांसाठी रक्त लागते म्हणून. तिच्या ठायी द्वेष नाही. १८९७ साली सिकंदराबादेस डॉ. रोनाल्ड रॉस यांस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले, तेव्हा डास रोग वाहतो हे कळले. त्याने डास पापी ठरला नाही. आम्ही त्यास मारितो ते घरातील लेकरू तापाने फणफणू नये म्हणून. मुलांस एवढेच सांगावे. किडा दुष्ट आहे असे शिकविले की मूल दिसेल तो किडा चिरडू लागते, आणि चिरडण्यात त्यास गंमत वाटू लागते. हे आम्ही पुष्कळ घरी पाहिले आहे.

शिवाय ज्यास अळीचे आयुष्य ठाऊक आहे त्यास थोडेच मारावे लागते. उष्ण दिवसांत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिती करून कोरडा दिवस पाळावयाचा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेस चिकटतात व कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसते ओतून भागत नाही, घासावेही लागते. कामोठे पूर्वी खाडीकाठचे खेडे होते, आज तेथे इमारती आहेत; पण कुंडीची ताटली काय आणि आपल्या गावचा रांजण काय, डासास सारखेच. हे ज्ञान नसले म्हणजे मनुष्य अंगणभर विष फवारितो, आणि मधमाशी व फुलपाखरू दोन्ही त्यात जातात.

राहिला प्रश्न मुलाच्या हाताचा. मारण्याचे काम वडील माणसांनी करावे, मुलांस दाखवू नये, असे आम्ही पूर्वी म्हणत असू. आता म्हणवत नाही. ज्या हाताने बरणीत पाने घालावयाची त्याच हाताने ताटली उपडी करावी लागली, तर मूल प्रश्न विचारील. आणि तो प्रश्न टाळण्याचा आम्हांस काय अधिकार?

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा ती मुलगी नारळाच्या काथ्याने ताटलीची कड घाशीत बसली होती. बरणीत नवी डहाळी तिने सकाळीच घातली होती.