असन्निधानातील सोबत

परमार्थमार्गी पुरुषाने विजन सेवावे, अटन करावे, असा आपला आचारधर्म आहे. मग ‘मला आपले म्हणणारे कोणी नाही’ या वेदनेस शास्त्रात काही उत्तर आहे काय, असे कित्येक वासनिक विचारतात. त्याचा येथे विचार करू.

प्रथम विजन आणि एकाकीपण यांतील भेद ध्यानी घ्यावा. विजनात साधक जनांपासून दूर असतो, परंतु त्याचे चित्त नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांच्या स्मरणाने भरलेले असते. एकाकी मनुष्य भरल्या घरातही रिताच असतो. पहिले स्वेच्छेने स्वीकारलेले साधन आहे. दुसरे वाट्यास आलेले दुःख.

इ. स. १२७४ च्या सुमारास श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले, तेव्हा भक्तपरिवारास हे दुःख प्रत्यक्ष भोगावे लागले. ते विरहाने विखुरले असते, तर मार्ग तेथेच खुंटला असता. पण ते ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत एकत्र राहिले; पुढे नागदेवाचार्यांनी त्यांना सांभाळले. म्हाइंभटांनी एकेका भक्ताच्या आठवणी ऐकून घेतल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या, आणि लीळाचरित्र सिद्ध झाले. मनात कोंडलेली आठवण शोक वाढविते. ऐकणारा भेटला की तीच इतरांचा आधार होते.

असन्निधानी परमेश्वराशी संबंध राखणारी साधने चार: स्थान, प्रसाद, भिक्षु आणि वासनिक. यांतील दोन जड आहेत, दोन चेतन. म्हणजे ओट्यास दंडवत घालून शेजारच्या वासनिकाची विचारपूस न करणारा साधक अर्ध्या साधनांस मुकतो.

येथे कोणी आक्षेप घेईल की, ही माणसांची आसक्तीच नव्हे काय? उत्तर असे की, आसक्ती स्वतःसाठी मागते. धर्मबंधुत्व दुसऱ्यास स्मरणाकडे नेते. शिवाय आपल्या मते जीव आणि परमेश्वर हे भिन्न पदार्थ आहेत. मोक्षातही जीव परमेश्वर होत नाही, त्याचा आनंद भोगतो. जेथे अंतिम ध्येयच संबंधरूप आहे, तेथे संबंधाची ओढ ही केवळ दुर्बलता कशी म्हणावी? ती योग्य स्थळी लावावी, एवढेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांत एक एकाकीपणाने ग्रस्त आहे. हृदयविकार, पक्षाघात व नैराश्य यांचा धोका त्याने वाढतो, असेही तो अहवाल सांगतो. आपल्या गावोगावीही मुले शहरास गेलेली, डोळ्यांनी अधू झालेली, पोथी वाचू न शकणारी वृद्ध वासनिक माणसे आहेत. भिक्षेस गेलेल्या भिक्षूने झोळीत अन्न पडताच पाठ फिरवू नये. एक लीळा सांगावी, एक ऐकावी. वासनिकांनीही आठवड्यातून एकदा अशा घरी जाऊन पोथी वाचून दाखवावी. ज्याचे दार कोणी वाजवीत नाही, त्याचे दार वाजविणे हेही असन्निधानातील साधनच होय.

दंडवत प्रणाम.